ओ-गेजची जुनी झुकझुक : रूळ आणि सांधे एकाच ट्रान्सफॉर्मरवर की वेगळे?

झुकझुक_सिडको

नमस्कार मंडळी. माझे काका बरीच वर्षं अमेरिकेत होते, आता कायमचे नाशिकला परतलेत. त्यांच्या खोक्यांतून लायनेल कंपनीची जुनी खेळण्यातली रेल्वे निघाली. ओ-गेज (रुळांच्या मापाचं नाव), पत्र्याचे पोकळ रूळ, मधोमध तिसरा रूळ. वाफेचं इंजिन, डबे, ०२२ नंबरचे विजेवर सरकणारे दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे; एक डावा, एक उजवा) आणि 'झेडडब्ल्यू' नावाचा ट्रान्सफॉर्मर. काळा जड ठोकळा आहे, दोन्ही कुशींना मोठी हँडलं आणि त्यांच्या आतल्या अंगाला आणखी दोन छोटी. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (हर्ट्झ), २७५ वॉट.

अजून प्लगमध्ये घातलेला नाही. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, ११०चा कन्व्हर्टर आणा, लावा, विषय संपला. काका म्हणतात थांब. सांधे रुळांतल्याच विजेवर चालायचे, पण गाडी हळू केली की सांधा अर्ध्यावर अडकायचा आणि इंजिन आडवं व्हायचं, हे त्यांना पक्कं आठवतंय. मग सांध्यांना वेगळी वीज देता येते का? त्यासाठी दुसरा ट्रान्सफॉर्मर लागेल का? मागे ए, बी, सी, डी अशी टर्मिनलं आहेत आणि प्रत्येकाच्या जोडीला एक 'यू'. हे चार-चार 'यू' कशाला, तेही कळलं नाही.

भाचा रोज विचारतोय कधी सुरू होणार. तेव्हा जाणकारांनी जरा मनावर घ्या. :)

देवळाली_कॅम्प

ताई, एवढं डोकं कशाला लावता? सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर घ्या, मेन रोडला कुठेही मिळतो. दोन तारा रुळांना, गाडी पळाली. जुना ठोकळा शोकेसमध्ये ठेवा.

निवृत्त_ट्रॅक्शन

गाडी पळेल हे खरं आहे. या जुन्या इंजिनांत ब्रशवाली सिरीज मोटर असते, तिला एसी काय आणि डीसी काय, दोन्ही चालतं. पण शिट्टीचं काय? लायनेलची शिट्टी वाजते ती रुळांतल्या एसीवर थोडा डीसी चढवला की. डब्यातला रिले त्या डीसीचीच वाट पाहत बसलेला असतो. सगळाच डीसी दिलात तर शिट्टी सुरू होईल आणि थांबायचं नाव घेणार नाही. खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील.

शिवाय अ‍ॅडाप्टरला वेग कमी-जास्त करायची सोय नाही. आणि गाडी रुळावरून उतरली की चाकं मधल्या आणि बाजूच्या रुळाला एकदम टेकतात, म्हणजे सरळ शॉर्ट. अ‍ॅडाप्टर दर वेळी मान टाकणार.

झुकझुकताई, तुमचा ठोकळा शोकेसमध्ये ठेवण्यासारखा मुळीच नाही. २७५ वॉटचा झेडडब्ल्यू म्हणजे १९५० किंवा त्यानंतरचा. त्याआधीचे दोनेक वर्षांतले २५० वॉटचे. त्यात तुम्हाला हवं ते सगळं आहे, दुसरा ट्रान्सफॉर्मर लागणारच नाही. पण आधी ११५ आणि ६० या दोन आकड्यांचा निकाल लावा. सांधे नंतर.

वाइंडिंगवाला_सातपूर

ताईंचे काका बरोबर. कन्व्हर्टर आणून थेट लावू नका.

व्होल्ट सगळे बघतात, सायकल कोणी बघत नाही. ६० सायकलसाठी बांधलेला कोर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) आपल्याकडच्या ५०वर चालवला तर त्याच व्होल्टला चुंबकीय फ्लक्स सव्वापटीच्या आसपास, नेमकं सांगायचं तर २० टक्के वाढतो. कोर सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व त्याला झेपत नाही), नो-लोडलाच, म्हणजे काही न जोडताच, करंट ओढतो, गुणगुणतो, तापतो. सत्तर वर्षांच्या जुन्या वार्निशवर हा ताप नको.

उपाय सोपा. सायकल कमी झाल्या त्याच प्रमाणात व्होल्ट कमी करा. ११५ गुणिले ५० भागिले ६० म्हणजे ९६. ठोकळ्याला ९६ व्होल्ट द्या, त्याला वाटेल आपण घरीच आहोत. बाहेर २०च्या जागी पावणेसतराच्या आसपास मिळतील. घरातल्या फेरीला पुष्कळ झाले.

बाजारातला ११०चा स्टेपडाउन घेतला तर १४-१५ व्होल्ट जास्त पडतात. शिवाय स्वस्तातले बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, एकच गुंडाळी, २३० आणि बाहेरची तार आतून जोडलेली. डबल-वाउंड, म्हणजे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, बनवून घ्या.

झुकझुक_सिडको

बनवून घ्यायचा तर काय सांगायचं? मला 'चांगला द्या' एवढंच सांगता येतं.

वाइंडिंगवाला_सातपूर

३०० व्हीए, २३०/९६, डबल-वाउंड, मध्ये इन्सुलेशनचा पक्का थर. एवढं सांगितलं तरी पुरे.

कोणी हिशोब विचारला तर हा घ्या. कोरचं क्षेत्रफळ २० चौ. सेंमी धरा. ५० सायकलला, एक टेस्लावर, एका व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे ४५ भागिले क्षेत्रफळ, सव्वादोन. प्रायमरी (२३०ची गुंडाळी) ५१७ वेढे. सेकंडरी (बाहेरच्या ९६ची गुंडाळी) ९६ गुणिले सव्वादोन, २१६, त्यात लोडवर पडणाऱ्या दाबासाठी (व्होल्ट घटतात त्यासाठी) थोडे वाढवून २२५. सेकंडरीला १८ गेजची तार, प्रायमरीला २१. वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायला सांगा. 'नुसता ब्रश मारला' असं म्हणाला तर दुसरीकडे जा.

सातपूर-अंबडला हे काम रोजचं आहे. कंट्रोल पॅनेलवाल्यांना असे छोटे ट्रान्सफॉर्मर लागतातच.

निवृत्त_ट्रॅक्शन

आणि ठोकळ्याची वायर? तिच्याबद्दल कोणी विचारलंच नाही. ताई, वायर प्लगपाशी हलकेच वाकवून बघा आणि काय होतं ते लिहा.

झुकझुक_सिडको

वाकवली. वरचं रबर बिस्किटासारखं तुटलं, आतली तांब्याची तार उघडी पडली. अ‍ॅडाप्टरवाल्या दादांचा सल्ला आता बरा वाटायला लागलाय.

निवृत्त_ट्रॅक्शन

घाबरू नका, या वयाच्या बहुतेक ठोकळ्यांची हीच गत असते. वायर बदलायची, पण केसिंगच्या आत जिथे ती टर्मिनलला मिळते तिथपासून. मधेच तोडून टेप गुंडाळणं चालणार नाही. आत शिरते तिथे रबरी बुश घाला, म्हणजे पत्र्याच्या कडेवर घासणार नाही, आणि आत गाठ किंवा क्लँप ठेवा. तीन तारांची वायर घेऊन हिरवी लोखंडी कोरच्या बोल्टला जोडा. मूळ ठोकळ्याला अर्थिंग नव्हतं. लहान मूल हात लावणार, तेव्हा आपण देऊ.

उघडलाच आहे तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) प्रायमरी ते कोर आणि प्रायमरी ते सेकंडरी तपासून घ्या. मोटर रिवाइंड करणाऱ्या कुठल्याही दुकानात मेगर असतो. काही मेगओम दाखवले तर उत्तम. एकाच्या खाली असेल तर उन्हात किंवा दिव्याखाली वाळवून परत बघा, तरी सुधारलं नाही तर तो ठोकळा खरंच शोकेसमध्ये.

आतमध्ये कार्बनचे छोटे रोलर दिसतील, गुंडाळीच्या उघड्या वेढ्यांवरून फिरतात. झिजून सपाट झाले असतील तर हँडल फिरवताना ठिणग्या पडतात. बघून ठेवा.

पंचवटीची_माई

मी वाचक आहे, मला विजेतलं कळत नाही. नातवंडं रुळाला हात लावणारच. सतरा व्होल्टचा झटका बसतो का?

निवृत्त_ट्रॅक्शन

माई, कोरड्या हाताला कळतही नाही. भीती रुळांची नाही, रुळांमागच्या २३०ची आहे. ती रुळापर्यंत येऊ नये म्हणूनच डबल-वाउंडचा हट्ट.

इथेच एक सांगून ठेवतो, कारण कुणीतरी हमखास सुचवणार. डिमरस्टॅट (फिरवून व्होल्ट कमी-जास्त करायचं यंत्र) थेट रुळांना लावायचा नाही. तोही ऑटो ट्रान्सफॉर्मरच. १५ व्होल्टवर फिरवून ठेवला आणि बोर्डात फेज-न्यूट्रल उलट असले, तर रुळ पृथ्वीच्या तुलनेत २३०वर असतो. मीटरला १५ दिसतात, अंगाला २३० लागतात.

देवळाली_कॅम्प

मी हेच सुचवणार होतो. गप्प बसतो. :)

गंगापूररोडी

उशिरा आलो. माझ्याकडे मार्कलीन आहे, एचओ, म्हणजे १६.५ मिमी रूळ. जर्मन असल्याने ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्ट ५० सायकलचे, त्यामुळे ही पंचाईत मला नव्हती. मार्कलीनही एसीवर चालते, बाकी जवळजवळ सगळं एचओ जग १२ व्होल्ट डीसीवर. त्यांनी तारांचे रंगच ठरवून दिलेत : लाल रुळांना, पिवळी सांधे आणि दिव्यांना, तपकिरी परतीची. झुकझुकताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या पिवळ्या तारेत आहे. वेगाची वीज हँडलप्रमाणे बदलते, सांध्यांची पिवळी वीज कायम १६ व्होल्ट. ठोकळा एक, परतीची तार एक, पुढे जाणाऱ्या दोन.

झेडडब्ल्यूवर कुठलं टर्मिनल कशाला, ते ट्रॅक्शनकाका सांगतील.

निवृत्त_ट्रॅक्शन

सांगतो. चारही 'यू' आतून एकच आहेत. ही परतीची तार, बाहेरच्या रुळांना. ए आणि डी ही मोठी हँडलं, त्यांच्यावर शिट्टी आणि दिशा बदलायची सोय. बी आणि सी छोटी, त्यांच्यावर ती सोय नाही, म्हणून ती दिवे-सांध्यांसाठी.

तर मग: कुठल्याही एका 'यू'वरून बाहेरच्या रुळाला. ए वरून मधल्या रुळाला. रुळाला अडकवायची जी छोटी क्लिप मिळते तिच्यावर १ आणि २ लिहिलेलं असतं. १ मधला रूळ, २ बाहेरचा. सी वरून एक तार निघेल, ती दोन्ही सांध्यांच्या मोटरच्या घरावर जे छोटं भोक आहे तिथे. त्यात एक खास पिन बसते. ती आत गेली की सांध्याची गुंडाळी मधल्या रुळापासून तुटते आणि सी वर जोडली जाते. परतीला वेगळी तार नको, सांध्याचे बाहेरचे रूळ आहेतच. खोक्याच्या तळाशी शोधा, छोट्या पितळी टोकाच्या दोन पिना असतील. बहुतेकांच्या हरवलेल्या असतात.

सी चं हँडल १४ व्होल्टच्या आसपास लावा आणि परत हात लावू नका. अंदाजाने नको, मल्टिमीटर एसीवर ठेवून. याहून फार वर नेलंत तर सांध्यावरच्या कंदिलातला बल्ब तापून प्लास्टिक वाकतं.

आता गाडी ८ व्होल्टवर रांगत असली तरी सांध्याला १४च मिळणार. काकांना आठवतोय तो अर्ध्यावर अडकणारा सांधा याच कारणाने अडकत होता. गुंडाळीचा जोर व्होल्टच्या वर्गाने कमी होतो. १४चे ८ केलेत तर एक तृतीयांशच उरतो.

झुकझुक_सिडको

एक पिन सापडली, दुसरी नाही. ट्रान्सफॉर्मर सातपूरहून बनवून आणला, मीटरवर ठोकळ्याच्या तोंडाशी ९७ दाखवतो. मेगरही झाला. वायर नवी घातली. आणि गाडी चालली!! काकांचा चेहरा बघायला हवा होता.

पण दोन तक्रारी. सांध्यापासून लांबच्या टोकाला गाडी मरगळते, तिथे डब्यांतले दिवेही मंद. आणि डावा सांधा सारखा घुंऽऽ करतोय. सी बंद केलं की थांबतो. पाच मिनिटांत त्याचं झाकण हाताला चांगलंच गरम लागलं, म्हणून सी बंद करून ठेवलंय. उजवा अगदी शहाणा आहे.

वाइंडिंगवाला_सातपूर

सी बंद केलंत ते बरं केलं. त्या गुंडाळ्या क्षणभर वीज घ्यायला बनवलेल्या. सलग पाच मिनिटं दिली की वार्निश जळतं.

मरगळीचं : तार कितीची वापरली?

झुकझुक_सिडको

१ चौरस मिमी. दुकानदार म्हणाला यावर फ्रिज चालतो.

वाइंडिंगवाला_सातपूर

तार दोषी नाही. १ चौ. मिमी तांब्याला मीटरमागे १८ मिलिओम. जाऊन-येऊन १० मीटर धरा, ०.१८ ओम. ४ अँपिअरला पाऊण व्होल्टही पडत नाही. दोष रुळांच्या जोडांत. पोलादी रूळ, त्यात पोलादी पिन, वर इतक्या वर्षांचा गंज. प्रत्येक जोड थोडा थोडा दाब खातो. गाडी लांबच्या टोकाला उभी करून मीटरने जोडाजोडावर बघा, कुठला जोड खातो ते लगेच कळेल.

पिना काढून पॉलिश पेपरने घासा, रुळाचं तोंड पक्कडीने हलकं दाबून घट्ट करा. आणि लांबच्या टोकाला दुसरी क्लिप लावून ए-यूची दुसरी जोडी तिथे न्या. फेरी मोठी करणार असाल तर टेबलाखालून अडीच चौ. मिमीच्या दोन तारा फिरवा आणि दर दोन मीटरवर वर काढा.

गंगापूररोडी

रुळाचा वरचा भाग घासायला स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक केस इंजिनात शिरतात आणि शॉर्ट करतात. भांड्यांची हिरवी घासणी, मग स्पिरिटचं फडकं. पावसाळ्यात दर आठवड्याला.

निवृत्त_ट्रॅक्शन

आता त्या घुंऽऽ करणाऱ्या सांध्याकडे येऊ, हे मजेशीर आहे.

०२२ सांध्यात एक हुशारी आहे. फाट्याकडून गाडी आली आणि सांधा उलट बाजूला लागलेला असला, तर गाडी आपोआप सांधा आपल्या बाजूने करून घेते. हे कसं? फाट्याच्या बाजूचे दोन छोटे रूळ बाकी रुळांपासून तोडलेले असतात. एकेका रुळाची तार एकेका गुंडाळीला. चाक त्या तुटक रुळावर आलं की चाक-धुरा-चाक असं करून तो बाहेरच्या रुळाला, म्हणजे 'यू'ला जोडला जातो, गुंडाळी खेचते, सांधा बदलतो. आणि सरकून झाला की आतला एक काँटॅक्ट स्वतःच वीज तोडतो.

आता हा तुटक रूळ पुढच्या साध्या रुळाला जोडताना तिथे धातूची पिन चालत नाही. मुळात तिथे फायबरची पिन येते, तपकिरी किंवा काळसर. कुणी ती हरवून साधी पोलादी पिन घातली असेल, तर गुंडाळीला वाटतं गाडी कायमची उभी आहे. सांधा त्या बाजूला असेपर्यंत गप्प, विरुद्ध बाजूला नेलात की घुंऽऽ आणि गरम, कारण दोन्ही गुंडाळ्या एकमेकींशी झगडतात.

ताई, डाव्या सांध्याचे फाट्याकडचे जोड उघडून पिना बघा.

झुकझुक_सिडको

पोलादीच आहे! एका फाट्याला फायबर, दुसऱ्याला चकचकीत पोलादी. काका म्हणतात कोणत्या तरी नाताळात घाईत कुणीतरी बदलली असेल, आम्ही नाव नको घ्यायला.

फायबरची पिन इथे कुठे मिळेल?

देवळाली_कॅम्प

हा प्रश्न माझा. बांबूची काडी घ्या, कबाबाला वापरतात तसली, पोलादी पिनेच्या जाडीइतकी तासा, मेणात बुडवा, बसवा. मेण यासाठी की पावसाळ्यात लाकूड पाणी पितं. हरवलेल्या पितळी पिनेच्या जागी कुठल्याशा जुन्या रेडिओच्या बनाना प्लगचं टोक कानशीने बारीक करून बघा, पण जाडी आधी मोजा.

निवृत्त_ट्रॅक्शन

देवळालीकरांचे अ‍ॅडाप्टरचे गुन्हे माफ.

झुकझुक_सिडको

काडी बसवली, सांधा गप्प. सी परत १४वर. गाडी अगदी रांगत नेली तरी सांधा खट्टकन पूर्ण सरकतो, आणि उलट्या बाजूने गाडी आली की स्वतःच बदलतो. भाचा आता मुद्दाम उलटाच लावून ठेवतो.

उजव्या सांध्याला दुसरी पिन अजून नाही, तो रुळांवरच चालतोय. म्हणून विचारते : गंगापूररोडी दादांकडे जुना मार्कलीनचा ट्रान्सफॉर्मर पडून आहे असं त्यांनी मला व्यनित (खाजगी निरोपात) कळवलं. तो २२०चा आहे. सांधे त्याच्यावर आणि गाडी झेडडब्ल्यूवर असं केलं तर? परतीची तार एकच ठेवायची का?

गंगापूररोडी

ठेवायचीच. सांध्याची परती बाहेरच्या रुळातून आहे, तेव्हा माझ्या ठोकळ्याची तपकिरी आणि तुमचा यू जोडावे लागणार. पण जोडण्याआधी फेज जुळवा, म्हणजे दोन्हींच्या एसीच्या लाटा एकाच वेळी वर-खाली व्हायला हव्यात. मला याचा चांगला अनुभव आहे.

माझ्याकडे दोन ठोकळे दोन भागांना. परत्या जोडल्या, मग दोन्ही लाल तारांमध्ये मीटर लावला. जुळले असले तर शून्याजवळ यावं, उलटे असले तर दुप्पट, ३२. उलटे असले तर एकाचा प्लग फिरवायचा. माझ्याकडे आले २८. प्लग फिरवला तर १६. शून्य येईचना!

निवृत्त_ट्रॅक्शन

बंगल्यात थ्री फेज मीटर आहे ना तुमच्या?

गंगापूररोडी

काका, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. हो. एक सॉकेट आर फेजवर, दुसरं वाय वर. १२० अंशांचा फरक. १६ व्होल्टच्या दोन पुरवठ्यांत १२० अंश असले तर मध्ये १६ गुणिले १.७३२, २८. उलटं केलं की ६० अंश, १६. दोन्ही एकाच बोर्डावर आणले तेव्हा शून्य आलं.

मनमाड_जंक्शन

अहो हे तर आमच्या रोजच्या नोकरीतलं! २५ केव्हीच्या ओव्हरहेड तारेला दोन सबस्टेशनांच्या मध्ये न्यूट्रल सेक्शन (वीज नसलेला तुकडा) असतं, कारण दोन बाजूंच्या तारा ग्रिडच्या वेगवेगळ्या फेजवर. पँटोग्राफने (इंजिनाच्या छपरावरचा वीज घेणारा सांगाडा) दोन्ही जोडले तर भडका. म्हणून आधी ५०० मीटरवर आणि मग २५० मीटरवर पाटी, ब्रेकर उघडायचा (वीज तोडायची), गाडी आपल्या वेगात घरंगळत पलीकडे, मग ब्रेकर पुन्हा जोडायचा. तुमच्या खेळण्याचं इंजिनही रुळाच्या दोन भागांच्या जोडावरून जाताना तेच करतं, फक्त तिथे ब्रेकर उघडायला कोणी नाही.

निवृत्त_ट्रॅक्शन

अगदी. आणि इगतपुरीला तर पूर्वी एका बाजूला १५०० व्होल्ट डीसी आणि दुसऱ्या बाजूला २५ केव्ही एसी, तिथे इंजिनच बदलायचे. त्याच्या मानाने ताईंचं सोपं आहे.

वाइंडिंगवाला_सातपूर

एक वेगळं मत. ताईंना रुळाचे दोन भाग करायचे नाहीत, दुसऱ्या ठोकळ्यावर फक्त सांधे. पिन घातली की सांध्याची गुंडाळी मधल्या रुळाशी जोडलेलीच नाही. मग फेज जुळो न जुळो, फरक काय?

निवृत्त_ट्रॅक्शन

आज फरक नाही, तुमचं बरोबर. उद्या पिन ढिली झाली किंवा कुणी दिव्याची तार चुकून मधल्या रुळाला लावली, तर उलट्या फेजला ३० व्होल्टचा खेळ होतो आणि जुळलेल्याला दोन-चार व्होल्टचा. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाकावं.

पण मुळात मी दुसरा ठोकळा लावूच नये म्हणेन. झेडडब्ल्यूत सी आहे, बनाना प्लगचं टोक घासा. दोन ठोकळे म्हणजे एक प्लग काढला तरी दुसऱ्याकडून रुळ जिवंत राहू शकतात, इतकंच नाही, कुणी दोन्हीच्या पुढे जाणाऱ्या तारा (हॉट) जोडून ठेवल्या असतील तर काढून ठेवलेल्या ठोकळ्याच्या प्लगच्या उघड्या पिनांवर व्होल्टेज येऊ शकतं. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो हे विसरायचं नाही. घरात लहान मूल आहे.

झुकझुक_सिडको

शेवटच्या वाक्यावर निर्णय झाला. एकच ठोकळा. दादा, ऑफरबद्दल आभार. टोक घासून बसलं, दोन्ही सांधे आता सी वर.

फ्यूजचं राहिलं. गाडी उलटली तेव्हा झेडडब्ल्यूचा आतला ब्रेकर बराच वेळ पडलाच नाही, क्लिपपाशी वास आला.

वाइंडिंगवाला_सातपूर

तो ब्रेकर १५ अँपिअरचा, तोही सावकाश. २७५ वॉट हा आत घेण्याचा आकडा आहे, बाहेर त्याहून कमीच येतो. रुळापर्यंत जाणाऱ्या बारीक तारेचं रक्षण तो करत नाही. ए आणि सी दोन्हीला बाहेर ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज लावा, पटकन उडणारा, काचेचा. ए ला हवा असेल तर फ्यूजसोबत सिरीजमध्ये ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॉटचा बल्ब. हायवेकडच्या स्पेअरच्या दुकानात मिळेल. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो, करंट तीनच्या आत राहतो, भाच्यालाही कळतं की गाडी उचलायची. गाडी मंद होईल, कारण बल्ब दाब खातो.

गंगापूररोडी

एचओवाल्यांसाठी या धाग्यात भर : आपल्या सोलेनॉइड सांध्यांत ०२२सारखा स्वतः वीज तोडणारा काँटॅक्ट बहुधा नसतो. बटण चिकटलं की गुंडाळी गेली. त्यांना कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. १६ व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारा भाग) २१ व्होल्ट डीसी होतो, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये एक ज्यूलच्या आसपास साठतो, बटण दाबलं की तेवढाच धक्का. बटण दाबून धरलं तरी चार्जिंगच्या रेझिस्टरमधून येतो तेवढाच करंट.

झुकझुक_सिडको

भाच्याची पुढची मागणी आली आहे. कसारा घाट हवाय, मागून ढकलणाऱ्या इंजिनासकट. वरून एक रूळ खालच्या रुळावरून न्यायचा. चढ किती ठेवू?

मनमाड_जंक्शन

खऱ्या कसारा, म्हणजे थळ घाटाचा १:३७. तोच ठेवा ना, अभिमानाने सांगता येईल.

निवृत्त_ट्रॅक्शन

खालची गाडी जायला वरचा रूळ साधारण १४ सेंटिमीटर उंच लागेल. १:३७ने तेवढं चढायला ५ मीटर १८ सेंटिमीटर, आणि उतरायला पुन्हा तेवढेच. खोली किती लांब आहे?

घाटाचा भाग डी वर वेगळा काढा, मधल्या रुळाच्या जोडात फायबर पिन घालून, म्हणजे चढाला जास्त व्होल्ट देता येतील. फेज एकच आहे, काळजी नाही. पण ए आणि डी वेगवेगळ्या खुणेवर असताना इंजिनाचे मधल्या रुळावरून वीज घेणारे दोन्ही रोलर त्या जोडावर आले, तर ठोकळ्याच्या गुंडाळीचा तेवढा तुकडा शॉर्ट होतो. जोड ओलांडताना हँडलं सारखी करा, पलीकडे गेल्यावर डी वाढवा. भाच्याला हे शिकवा, त्याला आवडेल.

झुकझुक_सिडको

खोली साडेतीन मीटर. म्हणजे वळणावरून चढवावं लागणार. कागद-पेन्सिल घेऊन बसते, आराखडा झाला की इथेच टाकते.